दोन पिशव्या रक्त

३ मार्च

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या सांगण्यावरून दुसरी पिशवीही काढून झाली. रक्त दाट आहे, गुठळी होईल, असं तू म्हणालीस. तुमच्या लॅबच्या डॉक्टरांनीही मान डोलावली. हिमोग्लोबिन एकोणीसवरून सतरावर आलं. झालं ना बाईसाहेबांचं समाधान? पण सरावात होजपाईप खांद्यावर घेऊन सहा मजले चढणारा मी आता तिसऱ्यावरच धापा टाकतो. तुझी वहिनी म्हणते, सुख अंगावर आलंय.

अग्निशमन दलाच्या भरतीची चाचणी वीस तारखेला. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच. एखादी गोळी सुचव.

दम गेलेल्या दादावर माया ठेव.

९ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

गोळी नाही. चूक माझी आहे, ती आधी लिहिते.

लॅबमध्ये प्रत्येकाला आम्ही विचारतो, घरात आणखी कोणाचं रक्त दाट आहे का. तुझा फॉर्म मी भरला, तुला रांगेत पुढे घेतलं आणि घरचाच म्हणून ती ओळ कोरी सोडली. बाबांचा जुना रिपोर्ट माझ्याच कपाटात होता. हिमोग्लोबिन १८.८.

मग तुझा उरलेला नमुना पुढच्या तपासणीला लावला. आपल्या घरातलं हिमोग्लोबिन जन्मतःच वेगळं आहे. फुप्फुसात ते ऑक्सिजन घेतं, पण स्नायूंपाशी सहज सोडत नाही. ती तूट भरायला शरीर रक्तच जास्त बनवतं. तुझं जास्तीचं म्हणून जे काढायला लावलं, ते तुला लागणारं होतं.

भरून यायला दीड-दोन महिने लागतील. डॉक्टरांचं पत्र सोबत आहे. ते दाखवून चाचणी पुढे ढकलून घे. चूक कोणाची, हेही त्यात माझ्या नावानिशी आहे.

रागावलास तरी दोन ओळी पाठव.

धाकटी

२४ मार्च

चि. धाकटीस, आशीर्वाद.

पत्र दाखवलं नाही. ते तिकडून तुमच्या वरच्यांकडे गेलं असतं, तर तुझ्या नोकरीवर आलं असतं. पाचव्या मजल्यावर पाय थिजले, तिथेच बसलो. परीक्षक म्हणाले, तब्येत कमवा. मी हो म्हटलं.

बाबांना एवढंच सांगितलं की जमलं नाही. तू कोणाला काही लिहू नकोस, तुला माझी शपथ आहे. शहाणपणा पुरे झाला, आता जेवत-खात जा.

दादा

२८ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

शपथ मोडली. डॉक्टरांच्या पत्राची प्रत, खाली माझी सही करून, काल दलाच्या साहेबांना रजिस्टर पोस्टाने पाठवली. इथे वरिष्ठांनाही सांगितलं. ते अजून काही बोललेले नाहीत. मे अखेर तुझी चाचणी पुन्हा घ्या, अशी विनंती केली आहे. घेतील की नाही, माहीत नाही.

तोवर रोज एक मजला, धाप लागायच्या आत थांबून. आणि रक्त कोणी मागितलं तरी देऊ नकोस. मी मागितलं तरी.

धाकटी