रेकॉर्ड रूमची किल्ली

बाबा, आज मी रेकॉर्ड रूमचं दार उघडलं आणि काहीच झालं नाही. टाइप न करता पेनानेच लिहिते आहे. समोर सात माणसं जुन्या दस्तांच्या कपाटांमध्ये गोणपाटावर पडली आहेत. त्यांतली एक म्हातारी मघापर्यंत जिवाच्या आकांताने खोकत होती, ती आता चक्क घोरते आहे. दोन मिनिटं लागली हो सगळ्याला. कुलूप काढायला एक, कडी सरकवायला एक.

तिकडे डोंगराला पुन्हा वणवा लागला आहे. विडीसाठी तेंदूपत्ता तोडायच्या दिवसांत दरवर्षीच लागतो, पण वारा इकडे वळला की गावात श्वास घेता येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार. वरून मे महिन्याचं ऊन, अंगाची लाही लाही. आता खिडक्यांवरच्या वाळ्याच्या ताट्या गेल्या, साहेबांच्या खोलीला कूलर आहे. धूर आत ओढतो म्हणून तो सकाळीच बंद केला. कूलरमागे भिंतीला टेकून बसणारी, घरदार नसलेली माणसं मग उन्हातच राहिली. पाणी भरणारी बाई माझ्याकडे आली. "मॅडम, बुढी लय खोकलून राह्यली. त्या खोलीची किल्ली देता का?" माझा हात खणाकडे गेला आणि मला तुमचाच आवाज ऐकू आला. मी दचकलेच. शब्दसुद्धा तेच.

तुम्हाला तो दिवस आठवत असेलच. मला नोकरी लागून जेमतेम तीन महिने झाले होते, तीही टेंपररी. त्याच कचेरीत तुम्ही वीस उन्हाळे ताट्यांवर पाणी मारत आलेले. मी आत खिडकीशी टाइप करते आणि ताटीच्या पलीकडे बादलीचा आवाज येतो, मग गारवा येतो, वाळ्याचा वास येतो. तो गारवा माझा बाप पाठवतो आहे, हे मी कचेरीत कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीही नाही. तुम्ही मला सगळ्यांसारखं "बाई" म्हणायचे, मी तुम्हाला काहीच म्हणायची नाही. हाक मारायची वेळ आली तर नुसतं "अहो, इकडची ताटी सुकली." पहिल्या दिवशी मात्र तुम्ही उरलेल्या वाळ्याची एक जुडी सुतळीने बांधून माझ्या खणात ठेवली होती. कोणी ठेवली असं शेजारच्या टेबलावरून विचारलं, तेव्हा मी कानावर हात ठेवले. माझी लाज माझ्यापेक्षा मोठी होती तेव्हा.

ताट्यांखाली बाहेरच्या अंगाला जी ओल व्हायची, तिथे ती माणसं येऊन निजायची. स्टँडवर छत्र्या दुरुस्त करणारा म्हातारा त्यांत कायमचा. गावाच्या छत्र्या नीट करतो आणि स्वतः सावली शोधत फिरतो, म्हणून सगळे त्याची थट्टा करायचे. तुम्ही ताटीवर चार मग मारले की पाचवा त्याच्या डोक्यावर ओतायचे. धुराचा तिसरा दिवस होता. साहेबांनी हुकूम दिला, ताट्या काढा, खिडक्या लावून घ्या. तुम्ही ताट्या उतरवल्या आणि थेट माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिलात. ओल्या पायांनी. सगळ्यांसमोर.

"पोरी, त्या खोलीची किल्ली दे. तिथं धूर शिरत नाई. छत्रीवाला बुढा लय खोकलून राह्यला."

पोरी म्हणालात. सगळी कचेरी माझ्याकडे पाहायला लागली. माझी पाचावर धारण बसली. किल्ली माझ्या नावावर, आत सरकारी दस्त, एखादा कागद हलला तर नोकरी गेली. मी म्हटलं, साहेबांना विचारावं लागेल. साहेब जेवायला बंगल्यावर गेलेले. तुम्ही म्हणालात, "मंग जाय न माय, विचारून ये. मी थांबतो." रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं.

मी तासाभराने परत आले तेव्हा तुम्ही स्वस्थ बसलेले नव्हतात. उतरवलेल्या तीन ताट्या भिंतीला तिरप्या लावून तुम्ही खोपट केलं होतं आणि विहिरीवरून बादल्या आणून ते भिजवत होतात. आत चार माणसं तोंडाला ओलं फडकं लावून बसली होती. छत्रीवाला बसलेला नव्हता. तो आपल्या छत्र्यांच्या गाठोड्यावर कलंडला होता आणि त्याचं अंग तव्यासारखं तापलं होतं. तुम्ही मला एवढंच विचारलं, "का म्हने साहेब?" मी म्हटलं, साहेब झोपले होते, उठवता आलं नाही. त्याला रिक्षात घातलं, तुम्ही मांडीवर डोकं घेऊन बसलात. दवाखान्याच्या पायरीवरच तो गेला. खोली उघडली असती तरी गेला असता, असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला समजावलं.

संध्याकाळी घरी तुम्ही जेवला नाहीत. मला वाटलं, आता तुम्ही मला बोलाल. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "तू काय करशीन माय. झोपल्या मानसाले कोन उठवीन? तू एवढ्या उन्हाची गेलती, तेवढं बस झालं." आणि पुढे मरेपर्यंत तुम्ही ज्याला त्याला सांगत राहिलात, माही पोरगी त्या छत्रीवाल्यासाठी भर दुपारी साहेबाच्या बंगल्यावर गेलती. रोहणा गावच्या मावशीला सांगितलंत, न्हाव्याला सांगितलंत, शेवटच्या आजारात डॉक्टरलासुद्धा सांगितलंत. मी प्रत्येक वेळी पाणी आणायच्या निमित्ताने उठून गेले.

आज साहेब आले. आताचे साहेब. दारात उभे राहून त्यांनी ती सात माणसं पाहिली, दाराला लावलेलं ओलं गोणपाट पाहिलं, माठ पाहिला. मी खुर्चीतून उठले, मनात राजीनाम्याची वाक्यं जुळवत. ते म्हणाले, "कागदांना ओल लागू देऊ नका," आणि निघून गेले. एवढंच. बाबा, एवढंच होतं ते! या एका वाक्याला भिऊन मी इतकी वर्षं काढली, आणि एका माणसाचा जीव गेला.

तेव्हाचे साहेब काय म्हणाले असते, कोण जाणे. कदाचित ओरडले असते. कदाचित हेच म्हणाले असते. म्हातारीला जाग आली आहे, पाणी मागते आहे, मला उठायला हवं. हे पत्र खणात ठेवीन, तुमच्या त्या जुडीखाली. तिला आता वास राहिलेला नाही.

बाबा, मी बंगल्यावर गेले नव्हते. वाटेवरच्या चिंचेखाली पदर नाकाला लावून तासभर बसले आणि परत आले. साहेब झोपले होते की जागे, मला माहीत नाही.