कुत्रीचा वाटा

माय,

आज वॉर्डात एका बाईच्या मांडीतली वात बदलत होते. वात म्हणजे औषधात भिजवलेली कापडाची पट्टी. खोल जखम वरून लवकर मिटली तर पू आत कोंडतो, म्हणून ही पट्टी आत ठेवून जखमेचं तोंड मुद्दाम उघडं राखायचं. रोज पट्टी थोडी आखूड करत जायची, म्हणजे तळातून लाल दाण्यांसारखं मांस धरतं आणि जखम खालून भरत वर येते. बाई कण्हायला लागली तेव्हा मी तिला म्हटलं, "पायाकडे बघू नका, खिडकीकडे बघा." म्हटल्यावर तू आठवलीस. तुला जाऊन आठ वर्षं झाली आणि या आठ वर्षांत मी तुझ्याशी मनातसुद्धा फारसं बोललेले नाही. मला तशी सवय नाही. आज मात्र एक गोष्ट नीट, क्रमाने लिहून काढायची आहे.

तू हेच वाक्य मला म्हणाली होतीस, आपल्या पाड्यावर, चुलीपुढे. "पाय धर. तोंडकडे दखू नको." कुत्री आडवी पडलेली होती आणि तिचा मागचा पाय मी दोन्ही हातांनी दाबून धरला होता. रानडुकराच्या सुळ्याने तिची मांडी वरपासून गुडघ्यापर्यंत उघडली होती. तू आधी राखेने हात घासलेस, मग कडुनिंबाच्या पाण्याने जखम धुतलीस, गोधडीच्या सुईने वरचा भाग शिवलास आणि खालचा तसाच सोडून त्यात करंजाच्या तेलात भिजवलेली चिंधी सरकवलीस. मी दहा वर्षांची असेन. तिच्या तोंडाकडे मी पाहिलंच. ती चावत नव्हती, ओरडत नव्हती, फक्त तुझ्याकडे पाहत होती.

त्या कुत्रीला स्वतःचं नाव नव्हतं. आपल्याकडे शिकारी कुत्र्याला नाव ठेवत नाहीत. ज्याच्या दारातलं कुत्रं, त्या घरधन्याच्या नावाने त्याला रानात हाक मारतात. हे मी इथल्या नर्स मुलींना एकदा सांगितलं तर त्यांना चेष्टा वाटली. बाप तापाने गेला तेव्हा ही कुत्री वर्षाची होती, आणि तिची हाक तशीच चालू राहिली. हाक्याच्या, म्हणजे आरडाओरडा करून रानातली डुकरं उठवायच्या, दिवशी सातपुड्याच्या उतारावरून पुरुषांचे आवाज खाली यायचे, आणि त्यात मेलेल्या बापाचं नाव ऐकू यायचं. तू त्या वेळी जातं थांबवायचीस. कुत्रीला मात्र तू कधीच हाक मारली नाहीस, कारण नवऱ्याचं नाव बाईने घ्यायचं नाही. तिला बोलवायचं असलं की तू जीभ टाळूला लावून टक् करायचीस, किंवा भाकरीचा तुकडा दाखवायचीस.

घरात पुरुष नसला तर शिकारीचा वाटा मिळत नाही. पण कुत्रं शिकारीला गेलं तर त्याचा वाटा असतो, पुरुषाइतकाच. म्हणून पाड्यावरच्या बाकीच्या विधवा हाक्याच्या संध्याकाळी दाराआड बसायच्या आणि तू पळसाची पानं घेऊन वाटणीच्या चिंचेखाली जायचीस. पदर नाकापर्यंत ओढून, पुरुषांकडे पाठ करून उभी राहायचीस. ज्वारी निसवली की डुकरं खाली उतरायची, तेव्हापासून होळीपर्यंत दर पंधरवड्याला हाका निघायचा. एरवी आपल्याकडे मोहाची फुलं, लाकडाच्या मोळ्या आणि दुसऱ्याच्या शेतातली मजुरी. ती कुत्री होती म्हणून मला मांस मिळत होतं. हे मला तेव्हाही कळत होतं.

आणि जखमी कुत्र्याचा वाटा बंद होत नाही, जखम ओली असेपर्यंत. हाही आपलाच नियम. वाटणीच्या आधी आबा दारात यायचे. बापाचे चुलतभाऊ, हाक्याचे म्होरके, एका कानाने बहिरे. ते उकिडवे बसायचे, चिंधी उचलायचे, अंगठ्याने दाबून पाहायचे आणि बाहेरच्यांना ओरडून सांगायचे, "ओली शे. वाटा दी टाका."

दसऱ्यानंतर फाटलेली मांडी दिवाळी झाली तरी ओली होती, आणि संक्रांत आली तरी ओलीच होती. शेजारच्या काकूला ते सहन होत नव्हतं. पाणवठ्यावर ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "कुत्री ते माहेरले उनेल पोरसारखी बशी शे. घाम आमना मानसेस्ना, आनि वाटा तिन्हा!" तू हंडा डोक्यावर चढवलास आणि वळूनही न पाहता म्हणालीस, "तुन्हा मानूसले बी डुक्कर फाडी तं त्याले बसाडी ठेव. कोन नही म्हनस?" बायका हसल्या. काकूही हसली. घरी येईपर्यंत तू हसली नाहीस.

नर्सच्या शिक्षणाच्या पहिल्या वर्षी डॉक्टरांनी आम्हाला वात ठेवायला शिकवलं, त्या दिवशी मला आत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं. मला वाटलं, तू बरोबर करत होतीस. कोणी न शिकवता तुला हे माहीत होतं. दोन दिवस मी त्याच समाधानात होते. मग मी जरा नीट विचार केला. चिंधी आखूड होत गेली पाहिजे होती. तुझी झाली नाही. चार महिने ती तेवढीच लांब होती. अशाने जखमेच्या कडा पांढऱ्या पडतात, घट्ट होतात आणि मध्ये भोक राहतं. तसंच झालं होतं, मला ते स्पष्ट आठवतं. शिवाय हाक्याच्या आदल्या दिवशी तू नाल्याकडे जाऊन रुईचं पान तोडून आणायचीस आणि त्याचा पांढरा चीक चिंधीला लावायचीस. रुईच्या चिकाने जखम भरत नाही, भाजते. कुत्री त्या रात्रभर मांडी चाटायची आणि सकाळी ती लाल, ओली असायची. माय, माझी नोकरी जखमा भरण्याची आहे. तू काय करत होतीस ते मला आता पक्कं कळतं. तू ती भरू देत नव्हतीस.

आबांना ते ठाऊक होतं. संक्रांतीनंतरच्या हाक्याला त्यांनी नेहमीसारखी चिंधी उचलली, अंगठा दाबला आणि अंगठा नाकाशी नेला. तू भिंतीकडे तोंड करून उभी. त्यांनी अंगठा मातीला पुसला. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, रुईना चीक पोरना डोयामा जावाले नको. संभाळ." आणि उठून बाहेर ओरडले, "ओली शे!"

आबा त्याच थंडीत गेले. म्होरकेपण त्यांच्या मुलाकडे आलं. तो वाईट नव्हता. तरुण होता, आणि सगळं बापापेक्षा चोख करायची त्याला हौस होती. होळीच्या आधीच्या हाक्याला तो वाटणीची वाट न पाहता आदल्याच दिवशी, न सांगता आला, सोबत तांब्याभर पाणी घेऊन. तू चीक लावला नव्हतास अजून. त्याने चिंधी ओढून टाकली, पाणी ओतलं, धोतराच्या सोग्याने मांडी पुसली आणि तिथेच बसून राहिला. आम्ही तिघंही ती मांडी पाहत होतो. काही पाझरलं नाही.

"कोरडी शे," तो म्हणाला. "सकाळे तिले हाकामा लई जासूत."

आबांच्या थोरल्या घरातल्या पुरुषाशी तू तोंड उघडून बोललीस ते मी पहिल्यांदा ऐकलं. "ती लंगडस. डोया शेतस ना तुले?"

"वाटा लेवाले येस, आनि चालाले नही येस?" तो बाहेरच्या पोरांकडे पाहून म्हणाला, आणि ती पोरं हसली.

सकाळी ढोल वाजला. कुत्री चुलीशी पडलेली होती, मांडीत भोक, बरगड्या दिसणाऱ्या. आबांच्या मुलाने आवाराबाहेरून माझ्या बापाच्या नावाने हाक मारली. ती उठली. चार महिने ती मी टक् केलं तरी उठत नव्हती, आणि त्या हाकेला उठली. तीन पायांवर, कान उभे करून चालत निघाली. तू टक् केलंस. ती थांबली नाही. तू टोपलीतली अख्खी भाकरी तिच्यापुढे टाकलीस. तिने हुंगलीही नाही. बाहेर बाकीची कुत्री भुंकत होती आणि तो पुन्हा पुन्हा हाक मारत होता.

तेव्हा तू ते नाव घेतलंस. पदर खांद्यावर पडलेला, हात दाराच्या चौकटीला, आणि सबंध पाड्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तू तुझ्या नवऱ्याच्या नावाने ओरडलीस. ढोल थांबला. शेजारच्या काकूने तोंडावर हात घेतला. पुरुष जिथल्या तिथे उभे. कुत्रीने मान वळवून तुझ्याकडे पाहिलं. मला ती नजर आजही दिसते आहे, आणि आता मला ती समजते. तिला ते नाव पुरुषांच्या तोंडून माहीत होतं. तुझ्या तोंडून ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. तुझ्या आवाजात ते तिचं नाव नव्हतं, नुसता आवाज होता. आबांच्या मुलाने पुन्हा हाक मारली, या वेळी जरा चाचरत, आणि ती वळून त्याच्यामागे गेली.

संध्याकाळी आबांचा मुलगा स्वतः आला. चिंचेखाली तुला बोलावलं नाही. पळसाच्या पानांत बांधलेली डुकराची मांडी त्याने उंबऱ्यावर ठेवली. शिकारीत मेलेल्या कुत्र्याचा वाटा मोठा असतो. "झाडीमा सर्वास्ना आगुदर ती शिरनी," तो म्हणाला, आणि तुझ्याकडे न पाहता निघून गेला.

तू ते मांस शिजवलंस. तिखट नेहमीसारखं, मीठ नेहमीसारखं. माझ्यापुढे थाळी सरकवलीस. मी हात लावला नाही तशी म्हणालीस, "खा. तिन्हा वाटा शे." मी खाल्लं. तू माझ्यासमोर बसून होतीस आणि मी हाड टाकेपर्यंत उठली नाहीस. तू स्वतः खाल्लंस की नाही ते मला आठवत नाही, आणि जे आठवत नाही ते मी लिहिणार नाही.

पावसाळ्याआधी तू मला इथे आणलंस. देवी टोचायला पाड्यावर येणाऱ्या माणसाने या दवाखान्यातल्या नर्सबाईंचा पत्ता दिला होता. त्यांना घरकामाला मुलगी हवी होती. सोनगीरपर्यंत बैलगाडी, तिथून चालत. किल्ल्याच्या पायथ्याशी बसून आपण भाकरी खाल्ली, आणि तू माझ्या केसांतल्या उवा काढत राहिलीस, कितीतरी वेळ. नर्सबाईंनी मला पुढे शाळेत घातलं आणि त्यातून हे शिक्षण झालं. तुला ताप आल्याचं कळलं तेव्हा मला रजा मिळाली, पण मी पोचेपर्यंत लोक तुला जाळून आले होते.

आता प्रश्न एवढाच उरतो, आणि तो मी नीट मांडते. तू ती जखम दोन कारणांनी उघडी ठेवली असशील. कुत्री पुन्हा झाडीत जाऊन मरू नये म्हणून, किंवा वाटा चालू राहावा म्हणून. इथल्या कुणालाही सांगितलं तर ते पहिलं कारण निवडतील, कारण त्यात माया दिसते. मी ते निवडू शकते. त्या चार महिन्यांत तू तिच्या मांडीवर जितका हात फिरवलास तितका माझ्या पाठीवर कधी फिरवला नाहीस. तिच्याकडे ज्या नजरेने पाहायचीस तसं माझ्याकडे पाहिल्याचं मला आठवत नाही. पुरावा त्याच बाजूला जातो.

लढाईमुळे कागद मिळत नाही, म्हणून हे तापाच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर लिहिलं आहे. उद्या वापरलेल्या पट्ट्यांबरोबर तो भट्टीत टाकीन. त्याआधी एवढं कबूल करते, की ते मांसासाठीच होतं, तू एका मुक्या जनावराला चार महिने रुईच्या चिकाने भाजत राहिलीस ते केवळ मला खायला घालायला, असं निघालं, तर मला बरं वाटेल.