हेस्टरच्या मापाचे बूट

ब्रुकलिन, ३ मार्च १९६६

प्रिय रोझलिन बाळ,

खूप खूप आशीर्वाद. माझे गुडघे कुरकुरतात, पण हातातलं चामडं अजून सुटलेलं नाही. तुझ्या बापाला, वेंडेलला मूठमाती देताना तू माझ्याकडे पाठ फिरवलीस, त्याचा राग नाही.

येत्या शनिवारी तू बापाची सगळी चित्रं परसात जाळणार, असं तुझी आई हेस्टर फोनवर म्हणाली. “रोझीला माझी अब्रू राखायचीय,” एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

तुझा राग खोटा नाही गं. बाप दिवसा साबणाच्या जाहिराती रंगवणार आणि संध्याकाळी तळघरात दोरीनं बांधलेल्या, उंच टाचांच्या बुटातल्या बायका. त्यांचं मासिक काढून साध्या पाकिटातून चोरून धाडणार. टपालखात्याची धाड पडली, शाळेत पोरींनी तुला भंडावलं. ते तुझ्या वाट्याला यायला नको होतं.

पण चित्रं नीट बघ. दोरीचं टोक प्रत्येक वेळी त्या बाईच्याच बोटांत असतं. छापखानेवाला गस त्याला डिवचायचा, “अरे वेंडेल, ही तर मनात येईल तेव्हा सुटेल!”

“सुटू दे की! तरी बसलीय ना? मी तेच काढतो.”

ओहायोतल्या एका विधवेनं त्याला लिहिलं होतं, ‘मला वाटे, जगात अशी मी एकटीच.’ ते वाचून तो दिवसभर कामाला बसला नाही. आज बड्या दुकानांच्या काचेत तसलेच बूट झळकतात, त्याचं नाव कुठेच नाही.

ते बूट मी शिवायचो, हे तुला माहीत आहे. कोणाच्या पायाच्या मापानं, ते तू कधी विचारलं नाहीस. वेंडेल चेहरे बदलायचा, केस बदलायचा. माझ्याकडे पायाचा लाकडी साचा मात्र एकच होता. डावी करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. तुझीही तशीच आहे, बाळ.

“इझी, टाच वाढव रे! हा माझा नवरा भित्रा आहे,” म्हणत हेस्टर खो खो हसायची. दोरीच्या टोकाची अटही तिचीच.

हे लिही, असं ती म्हणाली नाही. नको, असंही म्हणाली नाही. तिला स्वतःला बोलवत नाही.

तेव्हा काडी ओढण्याआधी घरात जा आणि तिला विचार. ती ‘जाळ’ म्हणाली, तर मीही येईन, तुझ्या शेजारी उभा राहीन. पण तिच्या अब्रूचं काय करायचं, हे तिला ठरवू दे.

तुझ्या आईचा, बापाचा आणि तुझाही,
इझिडोर काका