मुराळ्याशिवाय

रवि. ४ जाने.

सायकल मिळाली. युसूफचाचांनी महिनाभर दुकानात उलटी टांगून ठेवली होती, आज एकदाची खाली उतरवली. सीट नवी, ब्रेक नवे, टायर-ट्यूब नवे. बास्केट जुनीच, घासून लख्ख केलेली. घंटी मात्र बदलू दिली नाही. ती बाबांनी बसवलेली आहे, मी आठवीत असताना.

चाचा म्हणाले, "मॅडम, या उमरीत सायकलचा शौक काहून? स्कूटी घ्या नं."

"शौक नाही, काम आहे."

"कोन्तं काम?"

सांगितलं नाही. इथेही आज लिहीत नाही.

घरी आले तेव्हा हे आमच्या दुकानात वह्यांचे गठ्ठे लावत होते. चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, "सर्कस कधीपासून?" म्हटलं, आजपासून. रिसोडात बावन्न वर्षांची शिक्षिका सायकलवर दिसली तर लोक काय म्हणतील, हे ह्यांना दुकान उघडायच्या आधीच ऐकू येतं.

रवि. ११ जाने.

रिठदला जाऊन आले. डांबरी मोठ्या रस्त्याने नाही, आतून. तो रस्ता कुणाला नकोच आहे, म्हणून फार छान आहे. एक बैलगाडी, दोन कुत्री, तुरीच्या गंजीवर बसलेला एक म्हातारा, बस. धुकं हरभऱ्यावर बसलेलं.

गावाच्या अलीकडे बांधावर एक वीरगळ पडली आहे. घोड्यावरचा माणूस, हातात तलवार, नाक झिजून गेलेलं. त्यावर कुणी तरी धुतलेली गोणपाटं वाळत घातली होती. सहावीला शिकवते मी, वाकाटकांची राजधानी आपल्या वाशिमला होती. पुस्तकात ती एक ओळ आहे आणि पोरं ती पाठ करून विसरतात. इथे रस्त्याला अख्खं पुस्तक पडलंय. गोणपाट थोडं बाजूला करून घोडेस्वाराचं तोंड बघून घेतलं.

पाराशी एकाने हटकलं, "मॅडम, गाडी बिघडली का?" दुसरा म्हणाला, "पोराईनं सोडलं नाही का?" दोघांनाही सांगितलं की माझी गाडी हीच आहे आणि मला सोडायला कुणी लागत नाही. पाठीमागे हसले. हसोत.

मांड्या भरून आल्यात. जिना चढताना कठड्याला धरलं, हे बघत होते, तरी धरलं.

बुध. १४ जाने.

संक्रांत. शेजारच्या दोघींच्या माहेरून तिळगूळ घेऊन भाऊ आले. माझ्याकडे कुणी आलं नाही. सात वर्षं झाली.

आता लिहूनच टाकते. या वहीत माझं माहेर असं मी लिहीत नाही, कि. लिहिते. किन्हीराजाचा कि. माहेर लिहिलं की पुढचं पान लिहिता येत नाही.

झालं ते एवढंच. माझा धाकटा भाऊ बंडू, त्याची मुलगी पल्लवी. बारावीला चांगले मार्क, नर्सिंगला जायचं होतं. बंडूने तिचा साखरपुडा ठरवला. साखरपुड्याच्या सकाळी पोर मला म्हणाली, "आत्या, मले इथून ने." मी तिला एस.टी.त बसवून रिसोडला आणलं. पाहुणे मांडवात बसून परत गेले. आज ती अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स आहे, स्वतःचं कमावते. बंडूने तिला घरात घेतलं नाही. आणि मला दारात उभं राहून म्हणाला, "आजपासून तुले न्याले मुराळी येनार नाई."

मुराळी न्यायला आल्याशिवाय लेक माहेरी जात नाही. आमच्याकडे हे लेकीच्या अंगातच भिनलेलं असतं. मीसुद्धा सात वर्षं दाराकडे बघत बसले, पल्लवीला पळवून आणणारी मी! आईशी फोनवर बोलणं, लग्नात भेटणं, एकदा वाशिमला दवाखान्यात. घरात नाही. आई प्रत्येक वेळी म्हणते, "बंडू येईन तुले न्याले, तोवर नोको येऊ, बरं नाई दिसत." आईचे दोन्ही डोळे पिकत आलेत. डॉक्टर ऑपरेशनची घाई करा म्हणतो, ती पाऊस झाल्यावर म्हणते.

तर काम हे आहे. कि.ला जायचं, आईला दिसतंय तोवर. बोलावण्याशिवाय जायचं, पण एस.टी.त तोंड लपवून नाही. ज्या सायकलवर बाबांनी मला मालेगावच्या शाळेत धाडलं, तिच्यावर बसून.

रवि. १ फेब्रु.

केनवडपर्यंत. आतल्या रस्त्याने एक बारव लागते, पायऱ्या तळापर्यंत शाबूत, पाणी हिरवं. कोनाड्यात शेंदूर फासलेला दगड आणि त्याच्या शेजारी कुणाची तरी विसरलेली पाण्याची बाटली. पायरीवर बसून दोन केळी खाल्ली. गाडीत बसून गेले असते तर ही बारव जन्मात दिसली नसती.

परतताना चेन उतरली. स्वतः चढवली. हात कोपरापर्यंत काळे, तसेच दाखवायला दुकानात गेले. हे म्हणाले, "गिऱ्हाईकासमोर नको." गिऱ्हाईक मात्र म्हणालं, "वा मॅडम!"

गुरु. १९ फेब्रु.

शाळेत सकाळी शिवजयंती, भाषणं, मग सुट्टी. ह्यांना सांगितलं, रविवारी कि.ला जाते, सोमवारी येईन. सायकलवर.

ह्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग, "बोलावलं का त्यानं?"

"नाही."

"मग कशाला अपमान करून घ्यायला?"

"अपमान सात वर्षं चालूच आहे, आता जाऊन तर बघते."

"तुझं डोकं फिरलंय" म्हणाले. पण संध्याकाळी युसूफचाचांच्या दुकानातून हवेचा छोटा पंप आणून बास्केटमध्ये ठेवला.

रवि. २२ फेब्रु. (कि.वरून लिहितेय)

पहाटेच निघाले. कॅरिअरला पिशवी बांधली, तीत आईसाठी लुगडं, माझा एक ड्रेस, औषधं. चूक इथेच झाली, पण तेव्हा कळलं नाही.

केनवडला चहा घेतला. चहावाल्या बाईने विचारलं, "एकटीच? इतक्या सकायी? कोठी?" मी आपली खुशीत, "माहेरी, किन्हीराजाला." तिने पिशवीकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, चहाचे पैसे घेतले नाहीत. मला वाटलं, काय चांगली बाई.

पुढे मोठा रस्ता टाळून आतून. पळस फुटलेत, गहू पिवळा पडलाय. एका वळणावर मैलाचा जुना दगड, इंग्रजांच्या वेळचा असावा, आकडे गेलेले. त्यावर हात ठेवून पाणी प्यायले. डांबर संपलं तिथे बराच वेळ सायकल ढकलत चालले. ऊन चढलं. एकदा वाटलं, हे बरोबर बोलले, डोकंच फिरलंय. बाबांची घंटी वाजवली, कुणी नव्हतं तरी. रस्त्यावर नाही म्हणणारं कुणी नव्हतं म्हणून फार बरं वाटलं.

कि.च्या अलीकडच्या पुलावर पिकअप आडवी उभी. बंडू. सोबत दोन चुलतकाका, पांढऱ्या टोप्या घालून. मी ब्रेक दाबले.

बंडू धावत आला. केस पांढरे झालेत त्याचे. "ताई, काय झालं? भाऊजींनं हात उचलला का?"

काही कळेना. थोरले काका म्हणाले, "बाई, घाबरू नोको, आमी हावो. समजूत घालू जवाईबापूची. बिनामुराळ्याची निंगाली, म्हन्जे कायतरी मोठंच झालं असंन."

मग उलगडा झाला. चहावालीची नणंद कि.ची. मॅडम घर सोडून आली, सोबत फक्त एक पिशवी, असं माझ्याआधी गावात पोचलं होतं. बाई मुराळ्याशिवाय माहेरी येते ती दोनच कारणांनी, कुणी गेलं म्हणून किंवा सासरने काढलं म्हणून. तिसरं कारण कुणाच्या डोक्यातच येत नाही.

हसू आलं आणि मग एकदम राग आला. म्हटलं, "कुणी हात उचलला नाही. मी आईला भेटायला आले. बंड्या, सात वर्षं मी चांगली नांदत होते तर तू आला नाहीस. आज मी सासर सोडलं असं ऐकलं तर गाडी काढून आलास?"

तो खाली बघायला लागला. मग हळूच, "म्या तं चप्पलबी नाई घातली, ताई." खरंच अनवाणी होता. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

"बस गाडीत," म्हणाला. "सायकल मांगं टाकतो."

बसावंसं वाटलं, देवाशपथ. मुराळी आला होता नं शेवटी. पण बसले असते तर गावाने हेच बघितलं असतं की बाईला आणावं लागलं. म्हटलं, "तू गाडी घेऊन मागून ये. मी पुढे जाते."

तशीच गावात शिरले. मी पुढे, मागे रांगत पिकअप, तिच्यात दोन टोप्या. दारादारांत बाया. मी घंटी वाजवत गेले.

आई ओट्यावर. आवाजाच्या दिशेने मान. "हे तं तुह्या बापाची घंटी!" हाताने चाचपत सायकलचं हँडल धरलं, मग माझा हात, मग दंड, मग तोंड. "कोनी आनलं व तुले?"

"मीच आले."

आई आत ओरडली, "भाकरतुकडा आना!" माझ्यावरून ओवाळून टाकला. मग म्हणे, दुसरा आना, आणि सायकलवरून ओवाळला. काका म्हणाले, "वहिनी, हे कायले?" आई म्हणाली, "इनंच तं आनलं."

दुपारी ह्यांचा फोन. केनवडहून ह्यांनाही कुणी कळवलं होतं, तुमची मंडळी पळाली. हे म्हणाले, "मी सांगितलं, पळाली नाही, सायकलवर गेली. वेळ लागेल." या माणसाशी मी अठ्ठावीस वर्षं उगीच भांडले नाही.

सोम. २३ फेब्रु.

निघताना आईने ओटी भरली. माझ्या अंगावर पंजाबी ड्रेस, ओढणी घामाने भिजलेली. म्हणाली, "पदर नाई तं बास्केट." तांदूळ, नारळ, हळदीकुंकवाची पुडी, सगळं बास्केटमध्ये.

बंडू फाट्यापर्यंत पायी आला, एक हात कॅरिअरवर. शेवटी बोलला, "ताई, आखाजीले न्याले येऊ?"

अक्षय्य तृतीयेला लेकींना माहेरी नेतात. सात वर्षं हे वाक्य ऐकायला बसले होते. तोंडातून हो बाहेर पडायलाच आलं होतं. म्हटलं, "आधी अकोल्याला जा. पल्लवीला घरी आण. मग माझ्याकडे ये."

त्याने कॅरिअरवरचा हात काढला.

"ते जमनार नाई."

"मग मला न्यायलाही येऊ नको. मला रस्ता ठाऊक झालाय."

वळून बघितलं तेव्हा तो फाट्यावरच उभा होता. चप्पल होती आज पायात.

रवि. १५ मार्च

बंडूचा फोन नाही. आईचा आहे. म्हणाली, त्याने पल्लवीचा जुना पलंग माळ्यावरून खाली काढला, पुसला, आणि परत वर ठेवला. एवढंच.

पल्लवीला सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, तेनं नाई आनलं तं?"

आखाजीला महिनाभर आहे अजून. बंडूला वेळ आहे. सायकल घेऊन युसूफचाचांकडे गेले. पल्लवी अकोल्याला असते हे त्यांना ठाऊक आहे.

"चाचा, अकोल्याला आतून रस्ता कुठून?"

"मॅडम, मेडशीच्या म्होरं घाट हाये."

"उतरून ढकलीन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, सायकलकडे बघितलं, पाना उचलला. "मंग कॅरिअर बदला. हे एकटीचं हाये. येताना दोघी असान नं?"

मजबूत घाला म्हटलं.