उचललेला भंडारा

नातवा अर्जुना,
आजीचा आशीर्वाद घे, जीपमधी जागा आसंल तर. मास्तर लिवत्यात, मी बोलतीया.

गेल्या साली थोरल्या सरकारचा वकील होऊन आलास, तवा पायताण दारात काढलंस. आमच्या इवल्या संस्थानच्या राजाला ‘थोरले बंधू’ म्हणालास. “फौज, परमुलखाशी बोलणं आन टपाल तेवढं आमाला द्या, बाकी राज्य तुमचंच.” मेंढरांच्या कुरणाचं इचारलं, तर बिरोबाफुडं भंडारा उचलून शपथ घेतलीस, “कुरण तुमचंच, आज्जे!” मग आमीच राजाला सांगून आलो, पोरगं घरचं हाय, सही करा.

औंदा राजानं समदं संस्थान तुझ्या सरकारला देऊन टाकलं. दुसऱ्या दिशी कुरणाला सरकारी कुंपण! तू जीपमधनंच म्हणालास, “आज्जे, धोरण बदललं.” लय हुशार रं! बंधूचं राज्य गिळलं, आन ढेकर बी न्हाई.

हे पत्र टाकायचं न्हाई. तुझं गोड उत्तर येईल, आन ते मेंढरं खात न्हाईत.

आपल्यात शपथ मोडली की भंडारा देवाच्या पायरीवर परत ठेवत्यात. तू इसरलास, म्हणून मी ठिवला. देवाला सांगितलं, ज्यानं उचलला त्यो आमचा न्हवं, सरकारचा हाय.

दगडाबाईचा आंगठा
चैत्र, १९४८