डाव्या चाकाची तक्रार

सोनगीर,
फेब्रुवारी १९९१

प्रिय चुडामण,

तुझी अ‍ॅम्बॅसेडर सोमवारपासून माझ्या दुकानात उभी आहे. तक्रार तीच. पुढचा डावा टायर आतल्या कडेने झिजतो, गाडी डावीकडे ओढते. दिवाळीपासून ही तिसरी खेप. पहिल्यांदा मी मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणून चाकं सरळ केली. दुसऱ्यांदा स्टिअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या टाय रॉडचं टोक बदललं. या वेळी तू गिऱ्हाइकांसमोर म्हणालास, "वना, दुकान बंद कर. तुनं बठ्ठं ध्यान बिडीमा शे." माझं सगळं ध्यान म्हणे बिडीत. सगळे हसले, मीही हसलो. पण ते लागलं. आपण एका ट्रकवर होतो तेव्हापासून रस्ता बघायचा तू आणि टायर बघायचे मी. हवा कमी असेल तर टायर दोन्ही कडांनी जातो, जास्त असेल तर मधोमध. एकच कड गेली तर चाक वाकडं चालतंय. हे मी बोट फिरवून ओळखतो. मग तुझ्याच गाडीला का चुकावं?

म्हणून चारही चाकं उतरवली. उजवे दोन्ही टायर चांगले. डावे दोन्ही गालाला, म्हणजे बाहेरच्या बाजूला, खरचटलेले, कानस फिरवावी तसे. रिमची कडही दबलेली. मागचं चाक तर वळत नाही, त्याच्या गालाला काय लागणार? चाक डांबराच्या कडेवरून खाली उतरलं आणि घासत वर चढलं की असं होतं. हे रोज झालं तर मी सरळ केलेलं चाक महिन्याभरात पुन्हा वाकडं.

बुधवारी गाडी फिरवून बघू म्हणून तुला बोलावलं ते त्यासाठी. दोंडाईचा रस्त्याला लागल्यापासून तुझी डावी चाकं डांबर सोडून कडेच्या मुरमावर होती. मला वाटलं, समोरच्याला वाट देतोयस. समोर कुणीच नव्हतं. चिमठाण्याच्या अलीकडे उजवीकडून बैलगाडी रस्त्यावर आली आणि मी ओरडलो तेव्हा तू ब्रेक दाबलास. "घाबरनास का रे?" म्हणालास. मग चहा घेताना उजव्या हाताशी ठेवलेली बशी पूर्ण मान वळवून शोधलीस. मी बघत होतो. मी बघतोय हे तुलाही कळलं, आणि आपण कापसाच्या भावावर बोलत राहिलो.

झीज डावीकडे आहे, दोष उजवीकडे. तुझ्या उजव्या डोळ्याला समोरून येणारी गाडी दिसत नाही म्हणून तू त्या बाजूपासून लांब पळतोस. तुझ्या आबांचा डोळा ऑपरेशननंतर गेला, ते मी विसरलो नाही. त्यांना हाताला धरून घरी आणलं तेव्हा दुसरा हात माझा होता. त्यामुळे "काही होत नाही" असं मी तुला म्हणणार नाही. पण आबांनी मोतीबिंदू फार वर्षं अंगावर काढला. तू तसं करू नकोस. धुळ्यात डोळ्यांच्या एका डॉक्टरांना मी विचारून आलोय. आधी दाखवा तर, म्हणाले.

रविवारी तुझ्या बेबाला पहिल्या बाळंतपणासाठी शिरपूरहून माहेरी आणायचंय. झुंबरवहिनींनी मागच्या सीटवर घालायला नवी गोधडी शिवली, असं झुलाल सांगत होता. तुझा हा पुतण्या आत्ता माझ्यासमोर बसलाय, गाडी न्यायला आलाय. गाडी तयार आहे. पण मी ती त्याला देत नाही, हे पत्र देतोय. रविवारी गाडी मी चालवीन. तू मागे लेकीजवळ बस, तिच्याशी बोल. सोमवारी डोळा दाखवायला जाऊ, तिथेही मी असेन. तोवर चावी माझ्या खिशात. मागायची असेल तर ये, पोटभर शिव्या दे, जेवून जा. बसने ये.

तुझाच,
वना