चौथ्या नंबरची घागर

वजिराबाद, नांदेड
रविवार, १७ मे १९८७, सकाळी

प्रिय शिवगंगा,

गेल्या वर्षी तेरा एप्रिलला, दुपारी तीनच्या सुमाराला, मी हातातले तीन पत्ते उपडे ठेवले आणि ‘पॅक’ म्हणालो. माझं सगळं बदललं ते त्या एका शब्दानं. कॉलेज सुटलं ते नंतर, लातूर सुटलं ते त्याच्याही नंतर. कुणी विचारलं तर मी मारामारीचं सांगतो, प्रिन्सिपलनी काढलं म्हणून सांगतो. त्या पत्त्यांचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला तर नाहीच नाही.

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. टँकर आता तिसऱ्या दिवशी येतो, कलेक्टर कचेरीवर बायकांनी रिकाम्या घागरी नेऊन आपटल्या, तुझी आई त्यात पुढं होती, हे वाचून हसू आलं. जिल्हा होऊन पाच वर्षं झाली, पाट्या नव्या आणि नळ जुनेच, असं तू लिहिलंयस. पुढं मात्र दोनच ओळींत लिहिलंस की तुझ्या आप्पांनी हदगावच्या त्या दुजवराला होकार द्यायचं ठरवलंय, पुढल्या सोमवारी, पंचवीस तारखेला, सुपारी फुटणार. आणि सगळ्यात खाली, जागा उरली म्हणून लिहावं तसं, ‘त्या दिवशी तू तुझ्या वाट्याची घागर आमच्याकडं पाठवलीस, ते मी विसरले नाही.’ हे मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात उभ्यानं वाचलं. मी इथं ट्रकच्या मालाची बिल्टी लिहितो. त्या दिवशी देगलूरच्या मिरचीवर मी किनवट लिहिलं. मालक बोलला, ते मुकाट ऐकून घेतलं. मी कुणाचं ऐकून घेतो का, तुला माहीत आहे.

त्या घागरीबद्दलच लिहायचं आहे. पण आधीचं आधी सांगतो, नाहीतर घाईत पुन्हा खोटं लिहून बसेन.

तुम्हा बायकांना वाटायचं, आम्ही पोरं शाळेच्या भिंतीलगत नुसते घागरींची राखण करत बसतो. राखण होतीच. सकाळी सातला ज्यानं त्यानं आपल्या घरची घागर रांगेत लावायची, चुन्यानं नंबर टाकायचा, आणि टँकर येईस्तोवर कडुलिंबाखाली बसायचं. पहिल्या पंचवीस नंबरांपर्यंत पाणी पुरायचं, मग नुसता वारा. त्या बसण्यात तीन पत्ती चालायची. पैसे लावायचे नाहीत हा भुजंगकाकांचा नियम. तुमच्या शेजारचे भुजंगकाका शिंपी, निजामाच्या वेळी हैदराबादच्या गिरणीत होते, पत्ते तिथंच शिकले. म्हणून आम्ही चिंचोके लावायचो. पुढं कुणीतरी काढलं की चिंचोके संपले त्यानं घागरीचा नंबर लावावा. हरला की दोन्ही घागरींनी जागा बदलायची. कुणाच्या आईला हे ठाऊक नव्हतं. पुढचा नंबर गेला तर ‘ढकलाढकली झाली’ म्हणून घरी सांगायचं, ही आमच्यातली शपथ.

माझे चिंचोके सगळ्यात आधी संपायचे. मी एकही डाव सोडत नसे. दुर्री, पंजी, नव्वी, एकाचा एकाशी संबंध नाही असे पत्ते आले तरी मी चाल करायचो, कारण पॅक म्हणून डाव सोडायची मला लाज वाटायची. भुजंगकाका सुईत दोरा ओवत माझ्या मागं बसायचे आणि समजावायचे. सहा जण बसले असतील तर दहातले दोनच डाव खेळायचे, बाकीचे आठ पत्ते बघून खाली. तिघंच उरले तर चार खेळ. आपण शेवटी बोलणार असू तर अजून एखादा, कारण आधीच्या माणसाचा आवाज ऐकायला मिळतो. जोडी असली तरी पुढं दोघं जोरात असतील तर सोड. मी म्हणालो, काका, मग बसायचं तरी कशाला? ते म्हणाले, “लेकरा, खेळणं म्हंजे बसणंच असतंय. तू तर नुसता उठून उठून पडायलास.” सगळे हसले. मी चिडून पुढचे तीन डाव पत्ते न बघताच खेळलो.

आता लिहायला लागलोच आहे तर हेही लिहितो. पत्त्यांतच नाही, तुझ्या बाबतीतही मी तसाच होतो. तू लायब्ररीत गेलीस की मी लायब्ररीत. तू सिद्धेश्वराच्या जत्रेत बांगड्यांच्या दुकानाशी थांबलीस, तर मी तिथं अर्धा तास बांगड्या बघितल्या, मला बहीण नाही तरी. तुमच्या समोरच्या खोलीत भाड्यानं राहणारा औशाकडचा एक पाटलाचा पोरगा, तुमच्यात सोयरीक होणारा नाही, गळ्यात लिंग नाही, हे मला कळत होतं. तरी एकही दिवस मी सोडला नाही. आणि तुला सरळ एक शब्द बोललो नाही.

बारा तारखेला संध्याकाळी तू दारात आलीस. उदगीरचे पाहुणे उद्या बघायला येणार, सोबत त्यांचे अय्या, तुमच्यातले जंगम गुरू, येणार, म्हणालीस. आप्पांचा पाय मोडलेला, घरात दुसरं कुणी नाही. तू म्हणालीस, “शेषेराव, आमची घागर तू लाव. अय्यांच्या पायावर पाणी घालायचं हाय, नंबर लांबचा नको.” मी पहाटे पाचला जाऊन लावली. चौथा नंबर. माझी स्वतःची घागर मी आणलीच नाही, कारण दोन आणल्या तर एकच चांगल्या जागी लागली असती. इथवर मी भला माणूस होतो. हे लिहून ठेवतो, कारण पुढं तसं काही लिहायला मिळणार नाही.

दुपारी आम्ही सहा जण बसलो. माझे चिंचोके दोन वाजताच गेले. मग मी चौथा नंबर लावला. हट्टानं लावला, जिंकून लगेच उठणार होतो. चाल वाढत गेली तसे चौघे गळाले. उरलो मी आणि माझ्या कॉलेजातला गुंडप्पा. गुंडप्पाची घागर एकतिसावी होती. मी पत्ते बघितले. तीन गुलाम. शिवगंगा, इतके दिवस खेळलो पण तीन गुलाम माझ्या हातात कधी आले नव्हते. गुंडप्पाचा आवाज ओढल्यासारखा येत होता, त्याच्याकडं फार तर जोडी होती. मी ‘शो’ म्हणून पत्ते उघडले असते तर चौथा नंबर चौथाच राहिला असता.

तेवढ्यात गुंडप्पा सहज म्हणाला, उदगीरचा तो मुलगा मास्तर आहे म्हणे, नायगावला, लई शांत आहे, जमल्यातच जमा. मी पत्त्यांकडं बघितलं. मग तुमच्या दाराकडं बघितलं. तुझी आई उंबरा सारवत होती. तिनं त्यासाठी कुठून पाणी आणलं असेल, हे तेव्हा मनात आलं नाही. मनात एवढंच आलं की पाणी नसलं तर पाहुणे उठतील. मी पत्ते उपडे ठेवले. पॅक. सगळे ओरडले, शेष्याला आज पॅक म्हणता आलं. मी हसलो आणि पत्ते जुडीत मिसळून पिसले.

ते कुणाला दिसले नाहीत असं मला वाटलं. भुजंगकाका माझ्या मागं बसले होते.

पुढचं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. टँकर आला, चोविसाव्या नंबराला पाईप कोरडा झाला. मी तुमची रिकामी घागर घेऊन दारात आलो आणि ढकलाढकली झाली म्हणालो. घागर माझ्या हातातून घेतलीस आणि आत उलटी करून बघितलीस, जणू तळाशी काही राहिलं असेल. थोड्या वेळानं तुमच्या मागच्या दारात एक भरलेली घागर आली. ती तू माझी समजलीस. शिवगंगा, माझी घागर त्या दिवशी रांगेतच नव्हती. ती भुजंगकाकांची होती, बारावा नंबर, त्यांच्या दोन दिवसांचं पाणी. दुसऱ्या दिवशी तू मला जिन्यात थांबवून म्हणालीस, तू होतास म्हणून पाहुण्यांना प्यायला तरी मिळालं. मी मान हलवली. मान हलवायला काही लागत नाही.

त्या एका घागरीत चहा झाला, पिणं झालं. अय्यांच्या पायांवर तुझ्या आईनं फुलपात्रातून चार थेंब सोडले, हे मी समोरच्या खिडकीतून बघितलं. मुलाचा चुलता गल्लीकडं बघत होता. गुंडप्पाच्या ओट्यावर, त्याच्या पुढच्या ओट्यांवर भरलेल्या घागरी दिसत होत्या. चुलता मोठ्यानं म्हणाला, “सगळ्या गल्लीत पाणी हाय, ह्यांच्याच घरी न्हाई. म्हंजे गल्लीत ह्यांना इचारतंय कोण?” त्यांनी पोह्यांना हातसुद्धा लावला नाही. मला वाटलं होतं, आनंद होईल. मी खिडकी लावून घेतली आणि कॉटवर बसून राहिलो.

भुजंगकाका मला कधी रागावले नाहीत. चार दिवसांनी पँटची शिलाई उसवली म्हणून गेलो, तर मापाची पट्टी गळ्यात, नजर मशीनवर, आणि म्हणाले, “गुलाम सोडायचे नसतात रे, शेषेराव.” ते मला नेहमी लेकरा म्हणायचे. त्या दिवशी शेषेराव म्हणाले. मी पँट तिथंच टाकून आलो.

गल्लीनं दोष दिला गुंडप्पाला. त्यानं पाय मोडलेल्या माणसाच्या घरचा नंबर हिसकावला, असं तुझी आईही म्हणाली. त्यानं शपथ पाळली, पत्त्यांचं तोंडातून काढलं नाही. त्याच्या आईला, गुरम्मामावशीला, रांगेत कुणी शेजारी उभं करेना. आणि हॉल तिकिटाच्या रांगेत तो नुसता म्हणाला, शेष्या, तू तरी खरं सांग ना घरी, तर मी त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला त्याचा. मारामारीचं कारण म्हणून मी जे सांगत फिरतो, ते हे. मी त्याला तुझ्यासाठी मारलं असं तुला कुणी सांगितलं असेल, तर तसं नाही. तो खरं बोलला म्हणून मारलं.

आता बातमी. आमच्या खानावळीत गेल्या पंधरा दिवसांपासून एक मास्तर जेवायला येतात. ट्रेनिंगसाठी आलेत. गुरुलिंग नाव. ताटाभोवती पाणी फिरवतात आणि उरलेलं तांब्यात परत ओततात, त्यावरून मी विचारलं, कुठले? उदगीरचे, नोकरी नायगावला. त्यांना मी कोण ते माहीत नाही. त्यांनीच एकदा सांगितलं की गेल्या वर्षी लातूरला एक स्थळ बघितलं होतं. मुलगी पाण्याचा पेला देताना म्हणाली होती, आज एवढंच आहे, राग मानू नका. चुलत्यानं मोडलं आणि हे गप्प बसले. “मी तव्हा तोंड उघडायचं होतं,” असं म्हणाले, आणि ताकाची वाटी बाजूला सारली. वर्ष झालं, त्यांनी अजून दुसरं स्थळ बघितलेलं नाही. मी पंधरा दिवस त्यांच्या समोर बसून जेवलो. पंधरा दिवस मनात म्हणत होतो, आज नको, उद्या. सगळे डाव खेळणारा मी, तिथं रोज पॅक. मंगळवारी तुझं पत्र आलं तरी आणखी चार दिवस.

त्यांचं ट्रेनिंग काल संपलं. आज दहाच्या गाडीनं ते उदगीरला निघालेत. मी हे पत्र पाकिटात घालतोय पण चिकटवत नाहीये. ते त्यांच्या हातात देणार, आधी तुम्ही वाचा म्हणणार, आणि मग पटलं तर लातूरला जाऊन स्वतः तुला द्या म्हणणार. तोंडानं सांगायला गेलो तर मी कुठंतरी फिरवीन, माझा मला भरवसा नाही. कागदावर आहे ते आहे. तुझं नाव असलेलं पत्र परक्याच्या हातात उघडं दिलं म्हणून तू रागावशील. रागाव. ते आले नाहीत तर हे पोस्टानं सोमवारच्या आत पोचेल असं त्यांच्याकडून वचन घेईन. आले, तर त्यांना बसायला दे आणि पुढचं तुझं तू बघ. मला त्यात काही म्हणायचं नाही. एवढं मात्र कर, हे पान आईला वाचून दाखव, आणि मग तिला गुरम्मामावशीकडं जायला सांग. भुजंगकाकांना त्या घागरीचं विचारू नकोस, ते नाही म्हणतील. नुसतं पाया पड.

सव्वानऊ झाले. स्टँड इथून पायी वीस मिनिटं. तुझं पत्र मी गादीखाली ठेवलं होतं, तेही तुला परत करायला सोबत घेतोय, त्यातली ती घागरीची शेवटची ओळ माझी नाही म्हणून. चपला घातल्या आहेत, हे उंबऱ्यात उभ्यानं लिहितोय, अक्षर हललं आहे ते त्यामुळं. आता पेन खिशात घालतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच, पण आता तसं म्हणायचा हक्क नसलेला,
शेषेराव